त्याने १९२७ मध्ये व्हिडिओ तबकडीवर कोरला, पण तो प्ले व्हायला अर्धं शतक गेलं! टीव्हीवाल्या जॉन लोगी बेअर्डची गोष्ट

घरातल्या लग्नाचा व्हिडिओ आला, तो पेनड्राइव्हवर टाकला, आजी-आजोबांपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळे टीव्हीसमोर येऊन बसले. पेनड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर संदेश आला की हा फॉरमॅट चालणार नाही. किंवा आवाज येतोय, चित्र नाही. किंवा दोन्ही येतंय, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. हा अनुभव आला नाही असं घर सापडणं कठीण.

अशा वेळी फाइल बिघडलेली असेलच असं नाही. चित्र साठवणं हे एक काम आणि साठवलेलं चित्र दुसऱ्या यंत्रावर पुन्हा जसंच्या तसं दाखवणं हे वेगळं काम. पहिलं जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नसतं.

ही अडचण जगात सर्वात आधी ज्याच्या वाट्याला आली, त्याचं नाव जॉन लोगी बेअर्ड. टीव्हीचा शोध कोणी लावला, या सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून शाळेत पाठ केलेला हाच तो माणूस. पण त्याने टीव्हीचं चित्र ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरवलं होतं आणि ते स्वतःला नीट बघता येण्याआधीच तो जगातून गेला, हे फार कमी जणांना माहीत असतं.

पाद्र्याचा आजारी मुलगा

बेअर्डचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ चा, स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबरा या किनाऱ्यावरच्या गावातला. वडील चर्चमध्ये पाद्री. चार भावंडांत जॉन सगळ्यात धाकटा. लहानपणी तो मोठ्या आजारपणातून गेला आणि तब्येतीचं रडगाणं पुढे जन्मभर चालू राहिलं. थंडी वाढली की सर्दी, ताप आणि अंथरूण ठरलेलं.

पण डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. शाळेत असतानाच त्याने आपलं घर आणि आसपासच्या मित्रांची घरं तारांनी जोडून छोटं टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. एका वादळी रात्री रस्त्यावरून गेलेली तार खाली आली आणि त्यात एका घोडागाडीचा गाडीवान अडकला. एक्स्चेंज बंद पडलं. मग त्याच तारा वापरून पठ्ठ्याने घरात स्वतःची वीज खेळवली.

पुढे ग्लासगोच्या तंत्र महाविद्यालयात शिक्षण झालं. त्यानंतर ग्लासगो विद्यापीठात प्रवेश घेतला, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पदवी राहिली ती राहिलीच. सैन्यात भरती व्हायला गेला, तर तब्येत बघून नाकारलं. शेवटी वीज कंपनीत नोकरी धरली.

इथे त्याने काय करावं? कार्बनपासून कृत्रिम हिरा बनवायचा घाट घातला. प्रचंड विद्युतप्रवाह सोडला आणि शहराच्या एका भागातली बत्ती गुल केली. हिरा काही मिळाला नाही, साहेबांची नाराजी मात्र पदरात पडली.

मोजे, मुरांबा आणि साबण

बेअर्डच्या आयुष्यातली पुढची काही वर्षं एखाद्या विनोदी सिनेमात शोभतील अशी आहेत.

त्याचे पाय सतत गार पडायचे. म्हणून त्याने नेहमीच्या मोज्यांच्या आत घालायचे खास मोजे काढले आणि विकले. हा धंदा चक्क चालला. त्या पैशांवर तो वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादला गेला. तिथे फळं स्वस्त आणि साखर स्वस्त, म्हणून मुरांब्याचा कारखाना टाकला. उकळत्या साखरेच्या वासाने जंगलातले किडे थव्याने येऊन कढईत पडायला लागले. धंदा बुडाला, तब्येत आणखी खालावली. परत येऊन लंडनमध्ये साबण विकला.

काचेचं रेझर बनवलं, कारण काच गंजत नाही. त्याने स्वतःचीच कातडी कापली गेली. बुटात हवेचे फुगे बसवले, म्हणजे चालणं मऊ होईल. चालता चालता फुगे फुटले.

१९२३ च्या सुरुवातीला हा माणूस इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावात येऊन राहिला. वय ३४, नोकरी नाही, शिल्लक जेमतेम, छाती कमकुवत. समुद्राची हवा खाऊन बरं व्हायचं, एवढंच काय ते निमित्त.

चहाचं खोकं आणि रफूच्या सुया

रेडिओ तेव्हा नवीन होता. आवाज हवेतून जातो, मग चित्र का जाऊ नये, हा प्रश्न जगातल्या अनेकांना पडला होता. त्याचं अर्धं उत्तरही कागदावर तयार होतं. पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्ये एका चकतीचं पेटंट घेतलं होतं. त्या चकतीवर गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात भोकं पाडलेली असतात. चकती फिरली की प्रत्येक भोक समोरच्या दृश्याची एक रेघ वाचतं. सगळी भोकं एकदा फिरून गेली की एक चित्र पूर्ण होतं.

मात्र निपकोच्या काळात प्रकाशाचं इतक्या झटपट विजेत रूपांतर करणारी साधनं नव्हती. बेअर्डच्या काळात ती हळूहळू येत होती, पण ती विकत घ्यायला बेअर्डकडे पैसे नव्हते.

मग जुगाड सुरू झाला. चहाच्या खोक्यावर मोटर बसवली. टोपी ठेवायच्या डब्याच्या पुठ्ठ्यातून चकती कापली. आस म्हणून रफू करायची सुई, दिव्याला बिस्किटाचा डबा, सायकलच्या दिव्याची भिंगं, आणि सगळं जोडायला लाख, डिंक आणि सुतळी. जून १९२३ मध्ये त्याने वर्तमानपत्रात छोटी जाहिरातही दिली, की बिनतारी यंत्रणेतून बघायचं यंत्र बनवायला कोणी मदत करेल का.

पुढच्या वर्षी एखाद्या वस्तूची सावली काही फुटांवर पाठवण्यात त्याला यश आलं. पण जुलै १९२४ मध्ये १,००० व्होल्टचा झटका बसला आणि तो फेकला गेला. हात भाजला, पण जीव वाचला. घरमालकाने मात्र जागा खाली करायला सांगितली.

स्टूकी बिल नावाचा पहिला टीव्ही स्टार

बेअर्ड लंडनला आला आणि सोहो भागात २२, फ्रिथ स्ट्रीटवरच्या पोटमाळ्यावर त्याने बस्तान मांडलं. मार्च १९२५ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्याने तीन आठवडे आपलं यंत्र लोकांना दाखवलं. पण दिसायच्या त्या फक्त सावल्या. खरा चेहरा, डोळे, नाक, उजेड-अंधाराच्या छटा अजून येत नव्हत्या.

कॅमेऱ्यासमोर तेव्हा इतका प्रखर प्रकाश लागायचा की माणूस फार वेळ बसूच शकत नसे. म्हणून बेअर्डने बोलक्या बाहुल्याचं एक डोकं आणलं. त्याचं नाव स्टूकी बिल. रंगवलेला चेहरा, ठळक ओठ, ठळक डोळे. दिव्यांच्या उष्णतेने बिचाऱ्याचे केस करपले आणि रंगाला तडे गेले, पण त्याने तक्रार केली नाही.

२ ऑक्टोबर १९२५ ला दुसऱ्या बाजूच्या पडद्यावर स्टूकी बिलचा चेहरा छटांसकट उमटला. ३० रेघांचं, सेकंदाला ५ चित्रं दाखवणारं ते चित्र होतं. बेअर्ड धावत खालच्या ऑफिसात गेला आणि विल्यम टेन्टन नावाच्या २० वर्षांच्या पोऱ्याला ओढत वर घेऊन आला. दिव्यांच्या झळांनी घाबरून टेन्टन मागे सरकला, तेव्हा बेअर्डने त्याच्या हातात अर्धा क्राउन ठेवला आणि पुन्हा बसवलं. टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस हा असा पैसे घेऊन बसला!

२६ जानेवारी १९२६ ला रॉयल इन्स्टिट्यूशनचे सदस्य आणि टाइम्सचा एक बातमीदार त्या पोटमाळ्यावर आले. खऱ्या टेलिव्हिजनचं जगातलं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक म्हणून याच दिवसाची नोंद केली जाते.

आणखी एक गंमत. बेअर्डचं चित्र आडवं नव्हतं. ते अरुंद आणि उभं होतं, उंची ७ तर रुंदी ३ या प्रमाणात. कारण समोर दाखवायचा असायचा तो एकच माणूस. आज फोनवर उभ्या रील्स बघणाऱ्या पिढीला हे चित्र मुळीच परकं वाटणार नाही.

चित्र तबकडीवर कसं गेलं?

आता मुख्य मुद्दा. चित्र पाठवता येतं, मग ते साठवता का येऊ नये, असा विचार बेअर्डच्या डोक्यात आला. १९२६ मध्येच त्याने या कल्पनेचं पेटंट मागितलं. तिला नाव दिलं फोनोव्हिजन.

हे शक्य कसं होतं, ते समजून घेऊ. बेअर्डचा कॅमेरा म्हणजे फिरती चकती आणि प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा घटक. उजळ भाग आला की प्रवाह वाढायचा, काळा भाग आला की कमी व्हायचा. मायक्रोफोनसुद्धा हेच करतो, आवाजाप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करतो. चित्र फक्त ३० रेघांचं असल्याने त्यात माहिती थोडी होती. त्यामुळे ते ध्वनीच्या तारेतून, रेडिओवरून जाऊ शकत होतं. स्पीकरला जोडलं तर चेहरा चक्क ऐकू यायचा, करकरीत गुणगुणण्यासारखा.

आणि जे ऐकू येतं, ते तबकडीवर कोरता येतं. गाणं कोरायचं त्याच सुईने चेहरा कोरायचा, एवढी साधी आणि अफलातून ही कल्पना होती.

अडचण होती ती तबकडीच्या कुवतीची. त्यावेळची ग्रामोफोन तबकडी फार वरच्या कंपनसंख्येचे आवाज साठवू शकत नव्हती. बेअर्ड तोवर सेकंदाला साडेबारा चित्रांपर्यंत पोचला होता आणि तेवढी माहिती तबकडीत मावत नव्हती. मग त्याने चित्रांचा वेग सुमारे एक तृतीयांशावर, म्हणजे सेकंदाला साधारण ४ चित्रांवर आणला. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ जाईना म्हणून आपण त्याची साइज कमी करतो, हा त्यातलाच प्रकार.

आज हाती असलेली सर्वात जुनी फोनोव्हिजन तबकडी २० सप्टेंबर १९२७ ची आहे. तिच्यावर कोण आहे? पुन्हा एकदा स्टूकी बिल. १९२८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत माणसांचे चेहरेही कोरले गेले, त्यात बेअर्डच्या ऑफिसमधली एक सेक्रेटरीही होती.

मग प्ले का झालं नाही?

गाण्याची तबकडी किंचित हळू-जलद फिरली तर सूर थोडा हलतो आणि कान ते चालवून घेतो. चित्राला ही मुभा नाही. प्रत्येक रेघ ठरलेल्या क्षणाला सुरू झाली पाहिजे. एका रेघेला निमिषभर उशीर झाला की ती बाजूला सरकते आणि अशा ३० रेघा सरकल्या की चेहऱ्याचा चिखल होतो.

बेअर्डने कॅमेऱ्याची चकती आणि तबकडी कोरणारं यंत्र एकमेकांना जोडलं होतं. हेतू चांगला होता, दोघांचा मेळ राहावा. पण फिरत्या यंत्राची कंपनं सुईपर्यंत पोचली आणि चित्रासोबत तीही कोरली गेली. त्यात मंद वेगामुळे जे दिसायचं ते लुकलुकणारं आणि फाटलेलं. १९२८ मध्ये बेअर्डने हा नाद सोडून दिला.

म्हणजे फाइल तयार होती, पण ती चालवणारा प्लेअर जगात नव्हता.

यशाची वर्षं

बाकी आघाड्यांवर गाडी सुसाट होती. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडन ते ग्लासगो, म्हणजे ४३८ मैलांवर चित्र गेलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळच्या हार्ट्सडेल गावात दिसलं. ३ जुलै १९२८ ला रंगीत टीव्हीचं प्रात्यक्षिक झालं. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या लावलेली चकती फिरवून त्याने रंग आणले होते.

३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या केंद्रावरून बेअर्डचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. सुरुवातीला ट्रान्समीटर एकच मिळायचा, त्यामुळे आधी मुका चेहरा दिसायचा आणि मग त्याच माणसाचा आवाज यायचा! मार्च १९३० अखेर दोन्ही एकत्र जाऊ लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये टीव्हीवरचं पहिलं ब्रिटिश नाटक झालं, १९३१ मध्ये डर्बीची घोड्यांची शर्यत दाखवली गेली. लोकांनी टेलिव्हायझर नावाचे सेट विकत घेतले. त्यातलं चित्र जेमतेम पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं, समोर भिंग लावून बघायचं.

१९३१ मध्येच न्यूयॉर्कला त्याने मार्गारेट आल्बू या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या पियानोवादिकेशी लग्न केलं. पुढे त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

दोन यंत्रांची शर्यत

पण काळ बदलत होता. फिरत्या चकतीला मर्यादा होती. रेघा वाढवायच्या तर चकती मोठी, वेग जास्त, प्रकाश आणखी प्रखर. दुसरीकडे मार्कोनी-ईएमआय कंपनीने एकही फिरता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आणला.

२ नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित टीव्ही सेवा सुरू झाली. दोन्ही पद्धतींना आलटूनपालटून संधी मिळाली. बेअर्डच्या २४० रेघा आणि मार्कोनी-ईएमआयच्या ४०५.

इथे बेअर्डच्या कंपनीने पुन्हा एकदा चित्र एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याचाच मार्ग धरला. स्टुडिओतला प्रसंग आधी सिनेमाच्या फिल्मवर टिपायचा. ती फिल्म कॅमेऱ्याखालच्या टाक्यांमधून जाऊन साधारण मिनिटभरात धुवून निघायची आणि ओली असतानाच स्कॅनरसमोरून सरकत टीव्हीवर जायची. सेल्युलॉइडवरचं चित्र विजेत रूपांतरित करायचं काम चालत्या कार्यक्रमात, डोळ्यांदेखत!

चित्र बरं यायचं, पण कॅमेरा टाक्यांना बांधलेला, हलवता न येणारा. रसायनांचा त्रास, फिल्मचा खर्च आणि मध्येच फिल्म तुटली तर कार्यक्रम बंद. शेजारच्या स्टुडिओत मात्र इलेक्ट्रॉनिक कॅमेरे इकडून तिकडे मोकळे फिरत होते.

३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री लंडनचा क्रिस्टल पॅलेस आगीत खाक झाला. बेअर्डच्या कंपनीच्या प्रयोगशाळा तिथेच होत्या आणि बरंच सामान त्यात गेलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये निर्णय झाला, की बेअर्ड पद्धत बंद आणि ४०५ रेघाच पुढे चालणार.

शेवटचा आठवडा

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि बीबीसीने टीव्ही सेवाच बंद केली. कंपनी बुडाली. बेअर्ड मात्र लंडनच्या सिडनहॅम भागातल्या घरी स्वतःच्या खर्चाने काम करत राहिला. ज्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने त्याला हरवलं, तीच त्याने आपलीशी केली. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याने टेलिक्रोम ही रंगीत चित्र दाखवणारी इलेक्ट्रॉनिक नळी दाखवली. बाहेर बॉम्बवर्षाव सुरू असताना हे काम चालू होतं.

१९४६ च्या सुरुवातीला त्याला पक्षाघाताचा झटका आला. ७ जून १९४६ ला बीबीसीची टीव्ही सेवा युद्धानंतर पुन्हा सुरू झाली. बरोबर एका आठवड्याने, १४ जूनला, बेक्सहिल-ऑन-सी इथे बेअर्डने शेवटचा श्वास घेतला. वय ५७. त्याला हेलेन्सबरा या जन्मगावी पुरण्यात आलं.

आणि तबकड्यांनी तोंड उघडलं

फोनोव्हिजनच्या मोजक्या तबकड्या मात्र टिकल्या. काहीतरी जुनी चमत्कारिक वस्तू म्हणून त्या जपल्या गेल्या. ग्रामोफोनवर लावल्या तर नुसती करकर.

१९८० च्या दशकात डोनाल्ड मॅकलिन या इंजिनिअरने त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिलं. त्याने तबकडीतली करकर कॉम्प्युटरमध्ये घेतली. म्हणजे सुईच्या खाचेतली माहिती आकड्यांमध्ये बदलली. मग सॉफ्टवेअर लिहून प्रत्येक रेघ कुठे सुरू होते ते शोधलं, सरकलेल्या रेघा जागेवर आणल्या, कंपनांचे डाग पुसले.

स्क्रीनवर हळूहळू डोळे आले, ओठ आले. स्टूकी बिल परत आला होता. करकरीमागे जवळजवळ सगळी माहिती शाबूत होती. बेअर्डने चित्र साठवलं होतंच, फक्त ते सोडवायला लागणारं यंत्र अर्ध्या शतकाने जन्मलं.

पुढे आणखी एक ठेवा सापडला. १९३३ मध्ये बीबीसीवर झालेल्या टीव्हीवरच्या नाच-गाण्याच्या कार्यक्रमाचा काही मिनिटांचा भाग एका हौशी माणसाने घरीच ॲल्युमिनियमच्या तबकडीवर उतरवून ठेवला होता. मॅकलिनने तोही जिवंत केला. ३० रेघांत नाचणाऱ्या मुली आज कोणालाही फोनवर बघता येतात.

बेअर्डचं आज काय उरलं?

आजच्या कुठल्याही टीव्हीत बेअर्डची चकती नाही. पण कॉलेजच्या वर्गात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये लावलेल्या अनेक डीएलपी प्रोजेक्टरमध्ये एक छोटं रंगीत चाक गरगर फिरत असतं. लाल, हिरवा, निळा असे रंग एकापाठोपाठ एक पडद्यावर पडतात आणि डोळा ते एकत्र करतो. १९२८ मध्ये बेअर्डने रंग दाखवले ते याच तत्त्वावर.

तारखेचा एक योगायोगही आहे. स्टूकी बिलचा चेहरा उमटला तो दिवस २ ऑक्टोबर. मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही २ ऑक्टोबरलाच, १९७२ मध्ये. मधे ४७ वर्षं गेली.

आणि टीव्हीने पेनड्राइव्हवरची फाइल नाकारली, तर ती लगेच डिलीट करू नका. चित्र बहुतेक वेळा आतच असतं. वेग जुळत नसतो, मांडणी जुळत नसते, किंवा ते वाचणारं यंत्र वेगळं लागतं. फॉरमॅट बदलून बघा, दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. स्टूकी बिलला त्यासाठी पन्नासहून अधिक वर्षं थांबावं लागलं होतं.